डावीकडे कोणी नाही

३ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी तो घालून दिला: भांडण फोनवर करायचं नाही, कागदावर करायचं, आणि मायन्याखाली पहिल्याच ओळीत समोरच्याची एक तरी गोष्ट मान्य करायची. तर मान्य करतो. तू आमच्या रस्त्यावर जो हिरवा रंग फासला आहेस तो चांगल्या प्रतीचा आहे. एवढ्या गाड्या गेल्या तरी उडत नाही. झालं मान्य करून. आता ऐक.

मार्गिका म्हणे! सायकल मार्गिका! शब्द बघा किती नाजूक. चांगला ऐसपैस रस्ता होता, त्याचा एक पट्टा कापून घेतलात, कडेनं गुडघ्याएवढे प्लास्टिकचे खांब ठोकलेत, आणि आता त्या पट्ट्यातून दिवसभर जातं कोण? एक पेपरवाला, दोन-चार कॉलेजची पोरं आणि तो दातांचा डॉक्टर. डॉक्टर अंगाला चिकटलेले कपडे घालून, डोक्यावर कलिंगडाच्या सालीसारखं काहीतरी बांधून निघतो आणि चौकात पोचल्यावर मनगटावरच्या घड्याळात बघतो की आपण किती थकलो. थकायला घड्याळ लागतं या लोकांना! आणि त्याच्यासाठी बाकीच्या शहरानं चौकात तासन्‌तास भोंगे वाजवत बसायचं.

माझं ड्रायव्हिंग स्कूल बरोबर त्या पट्ट्यावर. शिकाऊ माणूस फाटकातून गाडी बाहेर काढतो न काढतो तोच खांब. दर दोन-तीन दिवसांनी एक खांब आडवा होतो, तुझी माणसं येतात, नवा ठोकून जातात. माझी शिकवायची पद्धत तू लहानपणापासून बघितली आहेस. शिकणाऱ्यानं समोर आणि उजवीकडे बघायचं. डावी बाजू माझी. मी डाव्या सीटवर बसतो, माझ्याही पायाखाली ब्रेक असतो, मी म्हणालो डावीकडे कोणी नाही, ये, की त्यानं यायचं. अर्ध्या शहरानं असंच शिकून लायसन्स काढलं. आता मी स्वतः जागा बघून सांगतो आणि तरी खांब लागतो. याचा अर्थ खांब चुकीच्या जागी आहे. यावर तुझ्या इंजिनियरिंगमध्ये काही उत्तर असेल तर कळव.

आम्ही रस्ता बचाव समिती काढली आहे. अध्यक्ष अस्मादिक. शेजारचा गादीवाला चिटणीस. पुढल्या महिन्यात जनसुनावणी आहे, तिथे तुझ्या मार्गिकेची मी सालटी काढणार आहे, तेव्हा मामा म्हणून तोंड लपवू नकोस, समोर बस.

बाकी क्षेम. तुझी मामी बरी आहे, हल्ली कमी बोलते, तेवढीच शांतता. मोठ्यांस नमस्कार सांगायला तुझ्या घरात तुझ्याहून मोठं कोणी नाही, तेव्हा तो तूच घे.

तुझ्यावर रागावलेला आणि तरी तुझाच,
मामा

९ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मान्य: संध्याकाळी चौकात कोंडी होते आणि ती पूर्वीपेक्षा जास्त होते. हे मी आमच्या रस्ते खात्यातल्या बैठकीतही सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या मुलाला नापास केलं.

आता तुझी पाळी. तुझा तो चिटणीस गादीवाला. त्याचा टेंपो दिवसभर कुठे उभा असतो? माझ्या हिरव्या पट्ट्यात. वर गाद्या, खाली झोपलेला ड्रायव्हर. मग सायकलवाले पट्टा सोडून गाड्यांमध्ये घुसतात, गाड्या थांबतात, भोंगे वाजतात, आणि गादीवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणतो की बघा, मार्गिकेमुळे कोंडी! कमाल आहे. त्याला चिटणीस करणारा अध्यक्षही धन्य.

दातवाल्या डॉक्टरबद्दल मात्र आपलं भांडण नाही. हा माणूस गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत निवेदन द्यायला आला तो मोटारीतून. सायकल मोटारीच्या टपावर बांधलेली. फाटकाबाहेर उतरवली, तिच्यावर बसून आत आला, फोटो काढून घेतला, परत टपावर बांधली. असे लोक माझ्या बाजूचे आहेत म्हणून मला रात्री नीट झोप लागत नाही.

खांबांचं म्हणशील तर एक गोष्ट मला कळेनाशी झाली आहे. हाच पट्टा, हेच खांब, हेच अंतर शहरभर आहे. बाकी ठिकाणी गाड्या घासतात, नाही असं नाही, पण आडवे होतात ते फक्त तुझ्या फाटकापासून चौकापर्यंतचे. मी रविवारी येऊन बघते. भांडायला नाही, मोजायला. जेवायला मात्र थांबेन.

मामीला नमस्कार. ती कमी बोलत असेल तर कुणी ऐकत नसेल म्हणून.

जितका राग तितकाच लोभ वाढो,
तुझी फुटपट्टी

११ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र भांडणाचं नाही, त्यामुळे मी काही मान्य करणार नाही. तुझ्या मामाला यातलं काही कळता कामा नये.

मी सायकल शिकले. हस, हस. या वयात. आपल्या कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी त्यांची जुनी सायकल दिली आणि सकाळी हे पेपर वाचत बसतात तेवढ्यात मी तुझ्या हिरव्या पट्ट्यातून बाजारापर्यंत जाऊन येते. साऱ्या शहराला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोला आजवर स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही, हे तुला माहीत आहे. म्हणे तुझा स्वभाव घाबरट. घाबरट नव्हे गं, बसमध्ये उभं राहून उभं राहून कंटाळलेला! आता मी कुणाला न विचारता कांदे आणते आणि घंटी वाजवते. फार मजा येते.

गंमत म्हणजे टेलरबाईच सध्या यांच्याकडे गाडी शिकताहेत. शाळांच्या गणवेशांचं मोठं काम मिळालंय, माल पोचवायला छोटी गाडी घ्यायची आहे. सरळ हात आहे बाईंचा, पण खांब त्यांच्याकडूनही पडतात आणि हे त्यांना घालूनपाडून बोलतात. त्या बिचाऱ्या म्हणतात की सर म्हणाले ये, म्हणून मी आले. पण सरांसमोर म्हणत नाहीत.

आता खरं सांगते. मी यांच्या डाव्या हाताला चहा ठेवला तर तो तसाच गार होतो. उजवीकडे ठेवला की पितात. सोफ्यावर डावीकडे बसून काही सांगितलं तर दचकतात, म्हणतात कधी आलीस. परवा दाराच्या चौकटीला खांदा आपटला आणि सुताराला शिव्या घातल्या. तो सुतार केव्हाच वारला. डोळे दाखवा म्हटलं तर पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवतात, आणि म्हणतात की माझ्या हातातली गाडी काढून घ्यायचा डाव आहे तुम्हा बायकांचा. गाडी सुटली तर मी काय करू, दारात बसून माणसं मोजू का, असं म्हणाले. मला भीती वाटते. ते कुणाला तरी मारतील.

रविवारी येशीलच. बघ आणि मला सांग.

तुझी,
मामी

१७ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मान्य: तुझ्या फाटकासमोर खांब वळणाच्या मानानं जरा पुढे आला आहे. एक वीत मागे घेता येईल, घेते.

पण मी तुझी गाडीही बघितली. तू आत हात धूत होतास तेव्हा. उजवी बाजू आरशासारखी, तू रोज पुसतोस तशी. डावी बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडलेली, आणि ओरखड्यांत खांबांचं पांढरं प्लास्टिक भरलेलं. ती बाजूही तू रोज पुसतोस, मामा. रोज पुसतोस आणि ते तुला दिसत नाही?

शिकाऊ लोक सगळे वेगवेगळे. कुणी घाबरट, कुणी आगाऊ. सगळ्यांकडून एकच चूक, एकाच बाजूला. त्या सगळ्यांच्या गाडीत सारखा असणारा माणूस एकच. मला हे लिहायला आवडत नाही, पण फोनवर तू ऐकणार नाहीस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नुसते अक्षरांचे तक्ते वाचून येऊ नकोस, बाजूचं किती दिसतं ते तपासायचं यंत्र असतं, त्यासमोर बस. आणि तोवर शिकवणं बंद ठेव. समोरचं दिसणं वेगळं आणि बाजूचं दिसणं वेगळं.

मी हे कुठेही बोलणार नाही. बोलले तर उद्या पेपरात येईल की मार्गिकेवालीनं विरोधी समितीच्या अध्यक्षाला आंधळा ठरवला. तुझा गादीवाला बोंब मारेल, माझा दातवाला टाळ्या वाजवेल आणि तुझे डोळे राहतील बाजूला. म्हणून फक्त तुला लिहिते आहे.

राग आला तर ये, पण रिक्षानं ये.

तुझी,
फुटपट्टी

२० मार्च

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

मान्य: तू आलीस, जेवलीस, आपलं ताट आपण उचललंस. माझ्या बहिणीनं वळण चांगलं लावलं आहे. त्यापुढे मला तुझं एक अक्षर मान्य नाही.

काय गं, आता ही पातळी आली का? मार्गिका टिकत नाही म्हणून मामाचे डोळे काढायचे? हे पत्र मी चष्म्याशिवाय लिहितो आहे. समोरच्या बसवरची पाटी मी तुझ्याआधी वाचतो. ओरखडे शिकाऊ गाडीला नसतील तर काय अंतराळयानाला असतील? माझ्या गाडीनं आजवर माणसाला ओरखडा काढलेला नाही, तेवढं सांग तुझ्या यंत्राला. आणि तुझ्या मामीनं तुझे कान भरले आहेत हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. चहाचं ती मलाही ऐकवते; तो गार होतो कारण ती गारच आणते.

शिकवणं बंद ठेव म्हणे! हातातली गाडी सोडून मी दारात खुर्ची टाकून बसू? येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, काय मास्तर, हल्ली गाडी दिसत नाही? त्यापेक्षा तुझा हिरवा पट्टा माझ्या छातीवरून ने.

आता बातमी ऐक आणि खात्यातही सांग. सुनावणीच्या दिवशी सकाळी समितीचे अध्यक्ष, म्हणजे सरकारी समितीचे, माझ्या गाडीत बसून रस्ता बघणार आहेत. शिकाऊ चालक, डावीकडे मी, मागे साहेब आणि तुझा दातवाला. फाटक ते चौक आणि परत. सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो की तुझ्या खांबांमधून साधा माणूस गाडी काढू शकत नाही. टेलरबाईंना घेतलं आहे, हात सरळ आहे त्यांचा. बाई नको म्हणत होत्या, मी म्हणालो की मी आहे ना शेजारी.

लोभ आहे, पण सध्या तो खालच्या फडताळात ठेवला आहे.

तुझा,
मामा

२४ मार्च

ती. स्व. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. मामा ऐकत नाही. मी सुनावणीच्या अध्यक्षसाहेबांना सांगून पाहिलं की असलं प्रदर्शन धोक्याचं आहे, तर ते म्हणाले की लोकांच्या भावना तीव्र आहेत, बसून घेऊ एकदा. हे लोक भावना तीव्र असल्या की कशातही बसतात.

तू एवढं कर. त्या सकाळी सायकल काढू नकोस. दोन्हीकडचे शूर त्या दिवशी रस्त्यावर असणार. डॉक्टर म्हणे आपल्या सगळ्या सायकल मंडळाला पट्ट्यातून फेऱ्या मारायला लावणार आहे, एरवी तिकडे न फिरकणारे पन्नास लोक त्या दिवशी गर्दी दाखवायला येतील. आणि गादीवाल्यानं सगळ्या दुकानदारांना आपापली मोटार बाहेर काढून चौकात फिरवत ठेवायला सांगितलंय, म्हणजे कोंडी बघण्यासारखी होईल. खोट्या सायकली आणि खोटी कोंडी. त्यात आपली खरी सायकल नको.

तुझी,
फुटपट्टी

२ एप्रिल

चि. फुटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर रडलीस म्हणून सविस्तर लिहिते. मी बरी आहे. कोपर सोललं, गुडघा सुजलाय, बाकी धड आहे.

तू नको म्हणाली होतीस तरी मी गेले, हे खरं. मला वाटलं, त्या साहेबांनी एक तरी साधी बाई सायकलवर बघावी. पिशवी लटकवलेली, घरच्या कपड्यांतली. नाहीतर त्यांना वाटायचं की सायकल म्हणजे त्या चिकटलेल्या कपड्यांचा खेळ. पिवळेधमक कपडे घालून निघाले, लांबून दिसावं म्हणून.

बाजारातून परतत होते. चौकात ही तुंबळ कोंडी, सगळी गादीवाल्यानं जमवलेली, आणि तीत तो स्वतःच अडकलेला. पट्ट्यात डॉक्टरांची माणसं एकमेकांचे फोटो काढत उभी. त्यांच्यातून वाट काढत मी आपल्या फाटकाजवळ आले. यांची गाडी माझ्या शेजारूनच, माझ्या थोडी पुढे चालली होती. फाटकात वळायचं म्हणून टेलरबाईंनी वेग कमी केला, म्हणून मी बरोबरीला आले. काच खाली होती. यांनी मान न वळवता माझ्या बाजूला नजर टाकली आणि म्हणाले, “डावीकडे कोणी नाही, ये.”

बाई वळल्या. गाडी आधी खांबावर आली, खांब वाकला, करकरला, त्या आवाजानं त्यांनी ब्रेक दाबला. यांनी नाही, त्यांनी. मी तोवर सायकलसकट फुटपाथवर जाऊन पडले होते, कांदे रस्ताभर. खांब नसता तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

मग जे सुरू झालं ते बघायला तू हवी होतीस. मी खाली, आणि माझ्या डोक्यावर सभा! गादीवाला मोटार चौकातच सोडून धावत आलाय आणि ओरडतोय की बघा, मार्गिका किती घातक. डॉक्टर मागच्या सीटवरून उतरून ओरडतोय की खांबानं प्राण वाचवला, हा फोटो घ्या. साहेब मागच्या सीटवरून न उतरता कारकुनाला म्हणाले की नोंद घ्या, पण काय नोंद घ्यायची ते दोघांना ठरवता येईना. पाणी मात्र कुणी आणलं नाही. टेलरबाईंनी मला उठवलं. आणि लोक त्यांनाच बोलत होते की हात साधत नाही तर बसता कशाला.

हे गाडीतून उतरले ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “मी बघितलं होतं. तिथे कोणी नव्हतं.” रागानं नाही गं. मला विचारत असल्यासारखे. पुन्हा एकदा तेच म्हणाले. मग माझ्या पिवळ्या बाहीला हात लावून उभे राहिले.

सुनावणी शुक्रवारवर ढकलली आहे. यांच्या समितीनं निवेदन तयार केलंय, की मार्गिकेच्या दोषामुळे शिकाऊ बाई गोंधळली आणि अपघात झाला. त्यावर यांची सही हवी आहे. डॉक्टरकडचं निवेदन म्हणतं की बाईंनी निष्काळजीपणा केला. दोन्हीकडून मरण त्या टेलरबाईंचं. त्यांची लायसन्सची परीक्षा जवळ आलीय आणि त्या म्हणतात की आता मी गाडीला हात लावणार नाही.  समितीचं निवेदन यांच्या टेबलावर आहे. सही केलेली नाही, फाडलेलंही नाही.

तुझी,
मामी

४ एप्रिल

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मी शुक्रवारी सुनावणीला येणार, कारण खात्यानं पाठवलंय. मला कुणी विचारलं तर खांब, अंतर, रुंदी एवढंच सांगेन. बाकीचं माझ्या तोंडून निघणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

टेलरबाई तुझ्या शब्दावर वळल्या. तुझ्या शब्दावर वळायचं असतं हे आम्हा सगळ्यांना तूच शिकवलंस. मलासुद्धा. एवढंच लिहायचं होतं. आज मान्य काय करायचं ते सुचत नाही, आजोबा रागावतील.

तुझी,
फुटपट्टी

१९ एप्रिल

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, राहिलेले मागचेही.

मान्य: तू मला डोळे तपास म्हणाली होतीस ते मामाच्या काळजीनं म्हणाली होतीस, मार्गिकेच्या नाही.

त्या शुक्रवारी तू मागच्या रांगेत होतीस, सगळं ऐकलंस. पण माझ्या बाजूनं काय झालं तेही लिहितो. गादीवाल्यानं उठताना माझ्या खिशात निवेदन कोंबलं आणि म्हणाला की मास्तर, फक्त वाचून दाखवा. मी वाचलं नाही. मी सांगितलं की टेलरबाईंची काही चूक नाही, त्या माझ्या शब्दावर वळल्या. मी डावीकडे बघितलं आणि मला माझी बायको दिसली नाही. मला डावीकडचं दिसत नाही. हे तीन वाक्यांत संपलं. घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं तेव्हा जास्त वेळ लागला होता.

पुढची गंमत तुझ्या लक्षात आली का? असं खरं सांगून कुणाचंच भागेना. गादीवाला माझी बाही ओढून म्हणाला की घात केलात. तुझा दातवाला टाळ्या वाजवायला लागला, त्याला मी बस म्हणालो, हा काही तुझ्या फोटोचा कार्यक्रम नाही. साहेबांनी विचारलं की म्हणजे तुम्ही मार्गिकेच्या बाजूचे की विरुद्ध. मी म्हणालो विरुद्ध. आजही विरुद्ध. पट्टा अरुंद आहे, चौकात तो मध्येच संपतो आणि सायकलवाल्याला देवाच्या हवाली करतो, हे कुणाही शहाण्याला दिसेल, मलासुद्धा दिसतं. ते कुठल्या बाजूला लिहावं हे कारकुनाला कळेना. शेवटी काय ठरलं? अभ्यासगट! आता हे लोक वर्षभर अभ्यास करतील, आणि तोवर टेंपो तिथेच उभा राहील. अध्यक्षपद मी तिथल्या तिथे सोडलं. गादीवाला अध्यक्ष झाला. समितीला शोभेलसा माणूस मिळाला.

फाटकासमोरचा वाकलेला खांब मात्र तुझ्या माणसांनी बदलला. एक वीत मागे घेतलाय. बरं केलंस.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उजवा डोळा झाकून तुझ्या यंत्रासमोर बसलो. दिवे लागतात म्हणे बाजूला, दिसला की बटण दाबायचं. मी बटण हातात धरून बसलो आणि वाट बघत राहिलो की आता लागेल. बाई म्हणाल्या, झालं, उठा. मी म्हणालो, अहो, अजून सुरू कुठे झालंय? त्यांनी यंत्रातून निघालेला कागद माझ्यासमोर धरला, जवळजवळ सगळा काळा. तेव्हा मला समजलं. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही डावी कड गेलेली, पण तो समोरचं सगळं सांभाळून घेत होता म्हणून कळलं नाही. गेलेलं परत यायचं नाही. आहे ते थेंब घालून राखायचं. तुझी मामी सकाळ-संध्याकाळ थेंब घालते आणि फार अरेरावी करते.

टेलरबाईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी मला मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या की सर, तुमच्यावर मी रागावले नव्हते, मी स्वतःवर रागावले होते. हे ऐकून मला फार लाज वाटली. परीक्षेला त्या बसणार आहेत. त्यांना मी एकच सांगितलं, की यापुढे कुणी शेजारी बसून काही म्हणो, डावीकडे स्वतः मान वळवून बघायचं. म्हणजे मी जन्मभर जे शिकवलं त्याच्या उलट.

शाळेची पाटी उतरवली. लायसन्स परत केलं. दारात खुर्ची अजून टाकलेली नाही, टाकवत नाही. सकाळी जाग आली की पाय आपोआप ब्रेक शोधतो. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, ते तुझ्यापासून लपवत नाही.

किल्ल्या तुझ्यासाठी ठेवल्या आहेत. रविवारी ये आणि गाडी घेऊन जा. दुसरा ब्रेक काढून टाकला आहे, आता ती सगळ्यांसारखी गाडी आहे. तुझ्या मामीला त्या डॉक्टरीणबाईंकडे मला घेऊन जायचं आहे, तेव्हा जाताना आम्हाला तिथे सोड. ती तुझ्याशेजारी बसेल. मी मागे बसेन. मागच्या सीटवर मी या गाडीत कधी बसलेलो नाही, तिथे पाय कुठे ठेवतात तेही मला माहीत नाही, आणि तू डावीकडे वळशील तेव्हा मी एक अक्षर बोलणार नाही.

तुझा,
मामा